मोटरीचे पाय

रविवार असूनही कारखान्याचं फाटक सकाळी नऊला उघडलं, आणि ते थोरल्याने उघडलं नाही. चाळीस वर्षं फाटकाची किल्ली त्याच्या कमरेला होती. आज मात्र त्याने ती धाकट्याच्या हातात दिली आणि स्वतः बायकोच्या मागे रस्त्यावरच रेंगाळला. शाळेला दांडी मारायच्या विचारात असलेल्या पोरासारखं त्याचं चाललं होतं.

"अहो, बरं वाटत नाही का?" थोरलीने विचारलं.

"झोप झाली नाही."

तेवढं खरं होतं. बाकीचं सांगण्याची सोय नव्हती. काल संध्याकाळपासून त्याने बायकोच्या डोळ्याला डोळाही दिला नव्हता.

नव्या मशीनची पहिली मोटर मालकांच्या हातून चालू व्हायची, हा घरचा शिरस्ता. मालक म्हणजे या दोघा भावांचे वडील. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, पाठीत वाकलेले, पण आवाज असा की लेथ चालू असतानाही ऐकू यावा. फाटकाच्या आत त्यांना 'बाबा' म्हणायचं नाही, 'मालक' म्हणायचं, असा नियम त्यांनी मुलांना शाळेत असतानाच घालून दिला होता. पुढे मुलांचीच जीभ इतकी वळली की घरी जेवतानाही 'मालक, भात वाढू?' असंच निघायचं. आई असताना ती याच्यावर पोट धरून हसायची.

बाटल्यांना झाकणं बसवणारी मशीन बनवायची, हा या घराचा धंदा. पातळ औषधं भरणाऱ्या एका कारखान्याने बारा मशीनची ऑर्डर दिली होती, पण अट घातली होती की मशीन वीतभर आखूड हवं, कारण त्यांच्या खोलीत जागाच नाही. एका मशीनला दोन मोटरी. ज्या कंपनीकडून आजवर मोटरी यायच्या ती गेल्या वर्षी बंद पडली. एरवी खरेदी धाकट्याची. त्याने चार ठिकाणी फोन केले, चारही जणांनी 'एवढ्या ताकदीची मोटर एवढी छोटी मिळणार नाही' असं ऐकवलं, आणि त्याने काखा वर केल्या.

मग काम आलं धाकट्याच्या सुनेकडे. पोरगी मोठी चिवट. पाच महिने ती मोटरीच्या मागे होती. अकरा कंपन्या झाल्या. एकाने पाठवलेली मोटर तासाभरात अशी तापली की हात लावता येईना. एकाची छोटी होती पण आवाज ऐकून शेजारचा सुतार विचारायला आला. बाराव्याने मात्र काम केलं. इंडक्शन मोटर, ताकद तीच, अंग ॲल्युमिनियमचं, लांबीला चार बोटं कमी, वजनाला निम्मी. सुनेने ती सहा तास चालवून, तापमान लिहून, मगच चोवीसची ऑर्डर लिहिली. लिहिण्याआधी ती थोरल्याकडे आली होती.

"काका, एक विचारायचं होतं. पायांपासून शाफ्टची उंची काय लिहू? जुन्या मोटरीच्या पाटीवर एकाहत्तर मिलिमीटर आहे."

"पाटीवर आहे तेच लिही," थोरला म्हणाला होता. मान वरही न करता.

आता हे ऐकायला साधं वाटतं. पण या उत्तरात चाळीस वर्षांचं एक लोढणं होतं, आणि ते फक्त थोरल्याच्या गळ्यात होतं. मोटरीचे पाय ज्या लोखंडी बेडवर बसतात, तो बेड तीन मिलिमीटर उंच होता. म्हणजे एकाहत्तरची मोटर त्यावर ठेवली की तिचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, गिअरच्या शाफ्टपेक्षा तीन मिलिमीटर वर जायचा. गिअरची पेटी बेडबरोबर एकाच ओतकामात आलेली, ती काही उचलता यायची नाही. मग करायचं काय? थोरला सकाळी सहाला यायचा, ग्राइंडर लावायचा आणि आलेल्या प्रत्येक मोटरीचे चारही पाय तीन मिलिमीटर घासून ठेवायचा. वर रंगाचा हात मारायचा. साडेसातला मालक यायचे तोवर जमीन झाडलेली असायची. जुन्या मोटरींचे पाय बिडाचे, अंगठ्याएवढे जाड. तीन मिलिमीटर गेले तरी त्यांना पत्ता नसायचा. एकदा एका फिटरने विचारलंच, पाटीवर एकाहत्तर आणि मापात अडुसष्ट कसं? थोरल्याने ठोकून दिलं की ती कंपनी आपल्यासाठी खास बुटकी मोटर बनवते. त्या दिवसापासून ती गोष्ट कारखान्यात खरी झाली. धाकटा तर ती गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायचा.

नव्या मोटरीही तशाच घासून टाकू, या हिशेबात थोरला होता. काल संध्याकाळी खोकी आली. सगळे गेल्यावर त्याने एक उघडली, ग्राइंडरवर धरली, आणि पहिलाच पाय त्याच्या हातात आला. ॲल्युमिनियमचा पातळ पाय, खालून पोकळ. मोडकी मोटर त्याने चिंध्यांच्या पिंपात खाली दडपली आणि घरी येऊन न जेवता पडून राहिला.

"दादा, चल. तूच बसव पहिली," धाकट्याने आतून हाक मारली.

मशीन मधोमध मांडलेलं होतं. मालक खुर्चीवर, काठी गुडघ्यांमध्ये. सून हातात वही घेऊन उभी. तिचा नवरा गिऱ्हाइकाच्या कारखान्यात जागा आखायला गेला होता, त्याला फोनवर दाखवायचं म्हणून तिने फोनही तयार ठेवला होता. थोरल्याने मोटर उचलली. ती इतकी हलकी होती की त्याला तिची दया आली. त्याने ती बेडवर ठेवली, पुढे सरकवली, आणि दोन शाफ्ट एकमेकांसमोर आले. एक वर, एक खाली.

"अरे, नीट सरकव की," धाकटा म्हणाला.

"सरकवलीय."

धाकटा वाकला. एका डोळ्याने पाहिलं, दुसऱ्याने पाहिलं. मग स्टोअरमध्ये गेला आणि शेल्फावर राहिलेली एक जुनी मोटर घेऊन आला. दोन्ही शेजारी ठेवून वर पट्टी धरली. पट्टी तिरकी बसली.

"झालं कल्याण," तो म्हणाला. "नवी मोटर उंच आहे. तीन मिलिमीटर."

"कशी असेल?" सून पुढे आली. "दोन्हींच्या पाट्यांवर एकाहत्तर आहे. मी त्यांच्याकडून चाचणीचा कागदही घेतलाय."

"अगं, पाटी काय चाटायचीय? ती कंपनी आपल्यासाठी खास बुटकी मोटर बनवायची. झाडूवाल्याला विचार, तोही सांगेल."

"मला कोणी सांगितलं नाही."

"विचारायचं असतं."

तिने थोरल्याकडे पाहिलं. एकच क्षण. तिने विचारलं होतं, आणि उत्तर कोणी दिलं तेही तिला आठवत होतं. थोरल्याला वाटलं, आता ही बोलणार. आणि खरं सांगायचं तर, ती बोलली असती तर त्याला बरंच वाटलं असतं. 'विसरलो गं, वय झालं' म्हणून तेवढ्यावर सुटलाही असता. पण ती बोलली नाही. काकांना चारचौघांत तोंडघशी कशाला पाडायचं म्हणून पोरीने मूग गिळले.

धाकटा तोवर खोकी मोजायला लागला होता. "आणि या तेवीसच आहेत. एक कमी. घेताना मोजल्या नाहीस?"

"चोवीस होत्या. मी दोनदा मोजल्या."

"मग काय पाय फुटले एकीला?"

थोरला खोकला. थोरली मध्ये पडली. "भावजी, आधी परत पाठवता येतात का ते बघा. पोरीवर कशाला डाफरताय?"

"परत कशा जातील, वहिनी? आपण सांगितलं त्या मापाने बनवून दिल्यात त्यांनी. आणि गिऱ्हाइकाला पंधरा तारखेला मशीन हवीत. पाच महिने लागले ह्या मिळवायला."

"चुकलं असेल माझं," सून हळू म्हणाली. "मी बोलते त्यांच्याशी."

मालकांनी काठी जमिनीवर टेकली. "ऑर्डर कोणी लिहिली?"

"मी, आजोबा."

"ज्याचं माप चुकतं, त्याने माप घेऊ नये. उद्यापासून खरेदी परत धाकट्याकडे."

थोरल्याला हे वाक्य पाठ होतं. शब्द न् शब्द. बावीस वर्षांचा असताना याच जमिनीवर उभा राहून त्याने ते ऐकलं होतं, तेव्हा समोर मामा होता. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, पॅटर्नवाला. बेड ओतायचा तर आधी साचा पाडायला लाकडाचा पॅटर्न लागतो, तो मामा बनवायचा, आणि त्याच्यासारखा हात त्या भागात कोणाचा नव्हता. या मॉडेलचं पहिलं मशीन चालू केलं तेव्हा ते भुतासारखं थरथरलं. मालकांनी सगळ्यांसमोर मामाला झाडलं, पॅटर्न चुकला म्हणाले, आणि हेच वाक्य बोलले. मामाने आपली हत्यारं पिशवीत भरली आणि गेला. आठवड्याने थोरल्याने गुपचूप ड्रॉइंग ताडून पाहिलं. पॅटर्न ड्रॉइंगबरहुकूम होता. चूक ड्रॉइंगमध्ये होती, आणि ड्रॉइंग मालकांचं होतं.

हे बापाला सांगायचं कसं? त्यापेक्षा ग्राइंडर सोपा वाटला. चार दिवस घासू, मग मालकांचा राग उतरला की सांगू, असं त्याने ठरवलं होतं. त्या चार दिवसांची चाळीस वर्षं झाली. त्याने कोणालाच ताकास तूर लागू दिली नाही. आई गेली तेव्हा मामा आला होता, पण उंबऱ्याच्या आत आला नाही.

आता सून वही मिटून तसंच जायला निघाली होती. हत्यारांची पिशवी तेवढी नव्हती.

"बाबा," थोरला म्हणाला.

सगळे वळले. फाटकाच्या आत हा शब्द कोणी ऐकला नव्हता.

"काय म्हणालास?"

"बाबा, तिचं माप बरोबर आहे. मोटर बरोबर आहे. बेड चुकलाय. तीन मिलिमीटर उंच आहे, पहिल्या दिवसापासून. कंपनी खास काही बनवत नव्हती. मी पाय घासायचो. सकाळी, तुम्ही यायच्या आधी." त्याने सुनेकडे बोट केलं. "तिने मला उंची विचारली होती. मीच पाटीवरची लिही म्हणालो. चोविसावी मोटर पिंपात आहे, चिंध्यांखाली. काल माझ्या हातून पाय मोडला तिचा."

थोरलीने पदराने खुर्ची पुसली आणि नवऱ्याकडे सरकवली, पण तो बसला नाही. आता काय व्हायचं ते होऊ दे, असं त्याला पहिल्यांदाच वाटलं.

मालक उठले. बेडजवळ आले. हाताने बेड चाचपला. "माझ्या मापाच्या ठोकळ्यात प्रत्येक बेड बसतो. मी स्वतः तपासतो."

"ठोकळाही त्याच ड्रॉइंगवरून केलाय, बाबा."

मालकांनी सुनेकडे मान वळवली. "उंचीचा गेज आण. माझ्या डोळ्यांचं काही खरं नाही. तू वाच."

सुनेने मोटर उतरवली, गेज बेडवर टेकवला, गिअरच्या शाफ्टच्या डोक्यापर्यंत नेला. "पंच्याहत्तर. शाफ्ट चौदाचा. मध्यापर्यंत मोजायचं म्हणून निम्मे सात गेले, अडुसष्ट राहिले."

"परत वाच."

"अडुसष्ट, आजोबा."

"ड्रॉइंग काढ भिंतीवरनं."

काच काढून ड्रॉइंग टेबलावर पसरलं. मालक त्यावर इतके वाकले की नाक कागदाला लागलं. बोट फिरवत राहिले. बऱ्याच वेळाने बोट एका जागी थांबलं.

"ओतकामावर कटाईला तीन मिलिमीटर जादा ठेवायचं असतं," ते म्हणाले. "ते मी इथे धरलं. मग कटाई झाल्यावरचं माप लिहिताना ते वजा करायचं होतं. नाही केलं." ते खुर्चीत बसले. "त्याचा पॅटर्न बरोबर होता."

'त्याचा' म्हणजे कोणाचा, हे विचारायची गरज कोणालाच पडली नाही.

"मला सांगितलं का नाहीस?" मालकांनी थोरल्याला विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून उत्तर देणं जास्त अवघड झालं.

"भीती वाटली."

"कसली? तुलाही हाकलीन म्हणून?"

"नाही. मामाला उगाच हाकललं हे तुम्हाला कळेल, याची."

मग मालकांना काहीतरी आठवलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"म्हणजे ती कंपनी आपल्यासाठी खास मोटर बनवत नव्हती?"

"नाही."

"मी त्यांना आभाराचं पत्र पाठवलं होतं. खास आमच्यासाठी एवढे कष्ट घेता म्हणून."

"मग?" धाकट्याने विचारलं.

"उत्तर आलं होतं. आपली अशीच सेवा करत राहू म्हणून."

पहिली हसली ती सून. तिने तोंडावर वही धरली, पण खांदे हलायला लागले. मग थोरली. मग धाकटा, जो एवढा हसला की त्याला बेडचा आधार घ्यावा लागला. "आणि मी सगळ्या गावाला सांगत सुटलो होतो," तो म्हणाला. "दादा, तू माझी काय शोभा केलीस." मालक हसले नाहीत, पण त्यांची मिशी एका बाजूने हलली, आणि थोरल्याचा जीव भांड्यात पडला. इतका की तो त्या सरकवलेल्या खुर्चीत मटकन बसला आणि त्याला रडू फुटलं. थोरली त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. सकाळी पाचचा गजर कशासाठी वाजायचा, हे तिला आज कळलं होतं.

"रडून झालं की बेड मिलिंगवर चढव," मालक म्हणाले. "जादा लोखंड आहेच त्याच्यात. तीन काढून टाक."

"सगळे बाराही?"

"मग काय एकच? आणि तो ठोकळा भंगारात टाक."

बेड मिलिंग मशीनवर चढला. थोरल्याने कटर खाली आणला आणि लोखंडाची चकचकीत बारीक साल गळायला लागली. एवढं सोपं काम. तासाभराचं. गेल्या चाळीस वर्षांत कोणत्याही सकाळी करता आलं असतं. तो हँडल फिरवत होता आणि शेजारी सून दर थोड्या वेळाने माप वाचत होती.

"तू बोलली का नाहीस मघाशी?" त्याने हळूच विचारलं.

"तुम्ही विसरला असाल असं वाटलं. म्हटलं, घरी जाऊन विचारू."

"मी विसरलो नव्हतो."

"आता कळलं, काका. थांबा, अर्धा मिलिमीटर राहिलाय अजून."

धाकटा मागे येऊन उभा राहिला होता. त्याने दोनदा घसा साफ केला. "खरेदीचं काय ते तूच बघ," तो सुनेला म्हणाला. "मला त्या अकरा कंपन्यांशी बोलायचा धीर नाही. आणि मघाशी जास्त बोललो."

"जास्तच बोललात," थोरली मागून म्हणाली. सुनेने वही परत उघडली.

मोटर बसली. दोन शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगचे दोन अर्धे एकमेकांना भिडले, बोट फिरवून कुठे पायरी लागेना. मालकांनी बटण दाबलं. मशीन चालू झालं, आणि पहिल्यांदा धाकट्याला वाटलं की वीजच गेली, इतका कमी आवाज होता. झाकणं टपाटप बसत होती. मालकांनी बेडवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले. थरथर नव्हती.

"त्याचा नंबर आहे का कोणाकडे?" त्यांनी मशीन बंद न करताच विचारलं.

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. थोरलीने मात्र आकडे पाठ असल्यासारखे धडाधड सांगितले. सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"सासूबाईंनी जाताना सांगितलं होतं, त्याची चौकशी करत जा म्हणून," ती म्हणाली. "दर महिन्याला करते. यांना कशाला सांगू? यांनी मला मोटरीचं सांगितलं होतं का?"

सुनेने नंबर लावला, फोन मोठ्या आवाजावर ठेवला आणि मालकांसमोर धरला. दोन-तीनदा वाजल्यावर पलीकडे कोणीतरी खोकलं.

"मी बोलतोय," मालक म्हणाले.

"मी कोण?"

"मालक."

"कुठला मालक? इथे माझा कोणी मालक नाही."

मालकांनी ओठ आवळले. धाकटा पुढे होऊन काहीतरी सांगणार होता, थोरल्याने त्याचा दंड धरला.

"तुझ्या बहिणीचा नवरा बोलतोय," मालक म्हणाले.

पलीकडून आवाज आला. "बोला, भाऊजी."

"तुझा पॅटर्न बरोबर होता. ड्रॉइंग माझं चुकलं होतं. तीन मिलिमीटर." त्यांनी दम घेतला. "मी चारचौघांत बोललो होतो, म्हणून आत्ताही चारचौघांत सांगतोय. सगळे इथे आहेत. माझं चुकलं."

थोरल्याने डोळे मिटून घेतले. मामा आता फोन आपटणार, आणि आपटला तर त्याला कोणी नावं ठेवू शकणार नव्हतं.

"मग काय," मामा म्हणाला, "उद्यापासून कामावर येऊ का?"

मामा ब्याऐंशी वर्षांचा होता. मालकांचा हात फोनकडे गेला आणि त्यांनी तो सुनेच्या हातातून स्वतःच्या हातात घेतला.

"साडेसातला ये," ते म्हणाले. आवाज लेथवरून ऐकू येणारा नव्हता, शेजारी उभ्या असलेल्यालाही कान द्यावा लागला असता. "मी फाटकात उभा राहतो."

बोलणं संपलं असं समजून धाकट्याने फोन बंद करायला हात पुढे केला. मालकांनी तो हात बाजूला सारला, कारण पलीकडे मामा पहिलं मशीन कोणत्या दिवशी आणि कसं थरथरलं होतं ते अगदी सुरुवातीपासून सांगायला लागला होता.